आमामी ते किकाई, वीस मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळी किकाई बेटावरून फोन आला. तिळाच्या शेतामागच्या कड्याखाली हात्सुए इनोरी ही म्हातारी मरून पडली होती.

शनिवारी सकाळी हवालदार हाजिमे आमामीहून पहिल्या विमानानं निघाला. दोन बेटांमधलं अंतर सव्वीस किलोमीटर. त्यानं पाण्याची बाटली काढली. झाकण फिरवतो न फिरवतो तोच विमान उतरायला लागलं.

हात्सुएची स्मृती सहा वर्षांपूर्वीच गेली होती. वृद्धाश्रमाच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव तीन वर्षं नुसतं पडून होतं. शेजारणीनं सांगितलं, की तीनच्या सुमारास म्हातारी शेतात गुणगुणत होती आणि साडेतीनला खाली दिसली. मनगटावर बोटांचे वळ होते. कोणीतरी तिला कड्यापर्यंत ओढत नेलं होतं.

घरात दोन्ही मुलगे बसले होते. हाजिमे त्यांना लहानपणापासून ओळखत होता.

धाकटा ताकेरू आमामीत राहायचा, दर आठवड्याला आईकडे यायचा. या खेपेस पहाटेच्या बोटीनं आलो आणि दिवसभर बंदरावर होतो, असं तो खाली मान घालून म्हणाला. थोरला शिगेतो दूर कागोशिमा शहरात राहायचा. वर्षातून एकदा उगवणारा.

"तू कधी आलास?"

"काल चारच्या विमानानं, काका. आमामीहून. चार वीसला उतरलो. यादीत नाव असेल."

"प्रवास कसा झाला?"

"बरा. विमानातल्या मुलीनं रस दिला, तो प्यायलो. जरा डोळा लागला."

हाजिमेनं दोन फोन केले. एक विमानतळावर, एक ताकेरूच्या कारखान्यात. मग तो परत येऊन चटईवर बसला.

"शिगेतो, ते विमान हवेत दहाच मिनिटं असतं. बाकीची मिनिटं जमिनीवरची. पट्टे सुटत नाहीत, ती मुलगी जागची उठत नाही. रस कुठून आला? वेळापत्रकातली वीस मिनिटं वाचून तू गोष्ट रचलीस. तू त्या विमानात नव्हतासच."

हाजिमेनं ताकेरूकडे बोट दाखवलं.

"ताकेरू काल दुपारी एकपर्यंत कारखान्यात होता. पहाटेनंतर इकडे बोट नाही. संध्याकाळी तो इथे होता, पण विमानाच्या यादीत त्याचं नाव नाही, तुझं आहे. तिकीट दाखवलं की आत सोडतात, चेहरा कोण बघतो? तुझ्या नावावर हा आला. पहाटेच्या बोटीनं तू आलास."

"दादा म्हणाला, मला जमत नाही, तिकीट वाया जाईल, तूच जा," ताकेरू पुटपुटला. "इथे आलो तर हा आधीच घरात. काल फोनवर पोलिसांना चारचं विमान सांगू लागला, तेव्हा मला कळलं. तरी मी गप्प बसलो, वर बोटीचं खोटं सांगितलं."

"याची बायको सोडून गेली, काका," शिगेतो म्हणाला. "दर आठवड्याला इथे येऊन हा झिजत चालला होता. म्हटलं, निदान हा तरी सुटू दे."

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?" ताकेरूनं विचारलं आणि तो उठून बाहेर गेला.

शिगेतोनं दाराकडे पाहिलं.

"सहा वर्षं तिनं मला ओळखलं नाही. काल कड्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाली, शिगेतो, आलास होय? तोवर मी ढकललं होतं."

हाजिमेनं जबाबाचा कागद पुढे ओढला. हे वाक्य कोणत्या रकान्यात लिहायचं, ते त्याला सुचेना.