डावीकडचे आकडे

धनश्रीने सकाळी कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला पुन्हा आकडे उभे होते. काल जाताना तिने ते काढून टाकले होते. परवाही काढले होते.

सुरतेतल्या कतारगामच्या त्या साडी-छपाईच्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच होता. काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात तो बसलेला, आणि त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे चार पडदे. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी सेठने लॉगिनही एकच दिलेलं. सकाळी धनश्री त्यावर काम करायची, आणि चारनंतरच्या पाळीत कुणी प्रदीप बिऱ्हाडे नावाचा मुलगा. नवाच लागला होता. तिने त्याला पाहिलंही नव्हतं. लॉगिन एक, म्हणून ज्यात प्रोग्रॅम टाइप करायचे त्या एडिटरच्या सेटिंगची फाईलही एकच. नावाआधी टिंब असलेली, एरवी यादीत न दिसणारी छोटीशी फाईल. तिच्यात जे लिहाल तसा एडिटर वागणार. प्रदीपला आकडे हवेत, तर तो ती ओळ घालून जायचा. धनश्रीला नकोत, तर ती सकाळी आल्या आल्या पुसायची.

ऑगस्ट संपत आला होता. त्या दिवशी ती घरी जायला निघाली, गेटपर्यंत गेली, आणि पावसाची रिपरिप सुरू झाली. छत्री वरच राहिलेली. ती परत आली तर तिच्याच खुर्चीत एक उंच, सडपातळ मुलगा बसलेला, केसांवर पावसाचे थेंब, आणि बोटं नेमकी तीच ओळ टाइप करत होती.

"सापडला चोर," ती म्हणाली.

तो दचकला नाही. सावकाश वळला. "चोर उचलून नेतो, मॅडम. मी तर ठेवून जातो."

"मला नकोत ते आकडे. माझ्या रिपोर्टची ओळ मग पडद्यात मावत नाही. शेपूट खाली घसरतं."

"आणि मला हवेत. चूक झाली की मशीन ओळीचा नंबर सांगतं. मी काय बोट ठेवून मोजत बसू?"

"बसा की. बोटं आहेत ना?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून... धनश्रीने छत्री घेतली आणि ती निघाली, पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपणही हसतोय.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आकडे होतेच. पण फाईलमध्ये आणखी एक ओळ वाढलेली होती. धनश्रीचा जुना वैताग असा, की या एडिटरमध्ये आपण लिहायच्या अवस्थेत आहोत की हुकूम द्यायच्या, हे कधीच कळायचं नाही. एखाद्या गिऱ्हाईक पार्टीचं नाव टाइप करायला जावं आणि डोळ्यांदेखत अख्ख्या ओळी गायब व्हाव्यात. प्रदीपने घातलेल्या त्या ओळीमुळे आता लिहायला लागलं की खालच्या कोपऱ्यात तसे शब्द उमटायचे.

चार वाजता ती मुद्दाम थांबली. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुम्हाला कसं कळलं मला याचा त्रास होतो?"

"तुमच्या फाईलींमधून ओळी गायब असतात," तो म्हणाला. "माणसांनाही असं कोपऱ्यात लिहून यायला पाहिजे. म्हणजे समोरचा बोलायच्या मनःस्थितीत आहे की नुसता हुकूम सोडणार आहे, ते आधीच समजेल."

"आणि माझ्या कोपऱ्यात आत्ता काय लिहिलंय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "वाचता येत नाही... अक्षर बारीक आहे."

मग तिचं निघणं रोज थोडं लांबायला लागलं आणि त्याचं येणं थोडं अलीकडे सरकलं. येताना तो उधन्याहून कागदात बांधलेला, वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो आणायचा आणि दोघं जिन्यापाशी उभं राहून खायची. त्याचे वडील गंगाराम रेल्वेत होते, मूळचे भुसावळकडचे. आई चंपाबाई. घर उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. आई बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा देत नाही, असं तो सहज सांगून गेला. धनश्रीने ऐकलं. ऐकल्यावर काय काय अवघड होणार आहे, तेही तिला त्याच क्षणी समजलं, आणि तरी लोचोचा पुढचा घास तिने त्याच्याच कागदातून घेतला.

तिचं घर कोसाडला. वडील सुकदेव याच कारखान्यात छपाईच्या टेबलावर होते. मितभाषी माणूस. पारोळ्याकडून सुरतेला आले ते धाकट्या भावाच्या, धुडकूकाकांच्या आधाराने. धुडकूकाका साड्यांच्या घड्या घालणाऱ्या घडी खात्याचे मुकादम. भावाला त्यांनीच चिकटवलं, धनश्रीलाही त्यांनीच. घरात ते बोलले की बाकीचे ऐकायचे. कुणी नवं माणूस भेटलं की काका नावाआधी आडनाव विचारायचे.

भांडण मात्र चालूच होतं. ती आकडे काढायची, तो घालायचा. त्याने एकदा शोधाची ओळ घातली. आता शब्द शोधताना मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच धरलं जाणार होतं. धनश्रीने कारण विचारलं तर म्हणाला, "आपल्याला शब्द शोधायचाय. तो मोठा आहे का लहान, याच्याशी काय करायचंय?" तो हसत हसतच बोलला, पण ती ओळ धनश्रीने कधीच काढली नाही.

सप्टेंबरात अहमदाबादहून मशीनवाल्या कंपनीचा माणूस आला. धनश्रीने सहज त्याला विचारलं, एका लॉगिनवर दोघांच्या दोन वेगळ्या सेटिंग कशा ठेवता येतील. तो म्हणाला, त्यात काय, दोघांनी दोन डिरेक्टऱ्या, म्हणजे फाईलींचे दोन वेगळे कप्पे करा, प्रत्येकीत आपापली फाईल ठेवा आणि एडिटरला एका ओळीने परवानगी द्या. तुमच्या प्रदीपला चांगलं माहीत आहे, त्यानेच तर मागच्या नोकरीत आमच्याच मशीनवर केलं होतं.

चार वाजेपर्यंतचा वेळ धनश्रीला जाता जाईना.

"तुला माहीत होतं," तो आल्या आल्या ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

त्याने पिशवी खाली ठेवली. "होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस? एवढे दिवस मी रोज सकाळी..."

"सांगितलं असतं तर वेगळ्या डिरेक्टऱ्या झाल्या असत्या. तुझं तू, माझं मी. मग तुझ्याशी भांडायला कुठलं कारण आणू... रोज रोज?"

बाहेर छपाईच्या यंत्रांचा धडधडाट चालू होता. धनश्रीने खुर्ची ओढली, ती फाईल उघडली आणि आकड्यांची ओळ स्वतःच्या हाताने परत लिहून ठेवली. प्रदीप मागे उभा राहून वाचत होता. एवढ्याने दोघांना सगळं बोलून झाल्यासारखं वाटलं.

दिवाळीत त्याने आईला सांगितलं. तू कधी सांगणार, असं त्याने विचारलं नाही, पण तो वाट पाहतोय हे तिला कळत होतं. ती म्हणायची, सुटी संपू दे, काकांचा मूड बघू दे, वडिलांशी एकटीने बोलायला सापडू दे.

दिवाळीच्या सुटीनंतर, लाभपाचमेला कारखाना उघडला. सेठ त्या दिवशी यंत्रांची पूजा करायचा आणि कामगारांच्या घरच्यांनाही बोलवायचा. अंगणात झेंडूची तोरणं, पेढ्यांची ताटं. धनश्री काका आणि वडिलांबरोबर उभी होती. वडिलांच्या हातात फोडायचा नारळ होता. गर्दीतून एक बाई थेट तिच्याकडे आल्या. निळी नऊवारी, हातात स्टीलचा डबा. तेच आधी हसणारे डोळे. धनश्रीने ओळखलं.

"तूच ना गं धनश्री?" चंपाबाई म्हणाल्या. "आमच्या प्रदीपच्या तोंडी तुझंच नाव राहतं. लाडू आणले बाई तुझ्यासाठी."

धुडकूकाका वळले. "कोण गं ह्या? कोणाच्या घरच्या?"

काकांची नजर, मागे घडी खात्यातल्या बायका, आजूबाजूचे सगळे ओळखीचे चेहरे... "माहीत नाही," ती म्हणाली. "मी नाही ओळखत. चुकून दुसरीच कुणी समजल्या असतील."

चंपाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरची भीती त्यांना दिसली असावी, कारण लगेच त्यांनी डबा पदराआड घेतला. "हो," त्या काकांना म्हणाल्या, "माझंच चुकलं, दादा. दुसरीच पोरगी वाटली."

त्या वळून गर्दीत गेल्या. त्यांच्या वाटेवर, प्रसादाच्या ताटापाशी, प्रदीप उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने आईच्या हातातला डबा घेतला आणि तिला गेटबाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्रीच्या पडद्यावर आकडे नव्हते. प्रदीपने स्वतःची वेगळी डिरेक्टरी केली होती. त्याच्या सगळ्या ओळी तो तिकडे घेऊन गेला होता. कोपऱ्यात उमटणाऱ्या शब्दांची ओळ तेवढी तिच्यासाठी तशीच ठेवली होती. तिचा रिपोर्ट आता पडद्यात नीट मावत होता. चारला तो वेळेवर यायचा, नमस्कार करायचा, कामाचं काही असेल तर सांगायचा. आवाजात राग नसायचा. राग असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

रविवारी घरी मैत्रिणीचं निमित्त सांगून ती उधन्याला गेली. दार चंपाबाईंनीच उघडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. धनश्री वाकायला गेली तर त्यांनी मध्येच धरलं, बसवलं, चहा ठेवला. धनश्रीने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पोरीच्या जातीला भीती वाटतेच, म्हणाल्या, आणि तेच लाडू बशीत काढून पुढे ठेवले. धनश्रीने बशी हातात घेतली, लाडू तसेच राहिले.

प्रदीप तिला रिक्षापर्यंत सोडायला आला. त्याला बंगळूरच्या एका कंपनीने बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं.

"मी आज घरी सांगते," धनश्री म्हणाली. "आजच. काकांसमोर सांगते. मला तू हवा आहेस, प्रदीप. हे मी आधीच..."

"सांगशील. मला माहीत आहे."

"मग थांब ना."

तो रुळांकडे वळला. "मला ओळखत नाही म्हणाली असतीस तर मी दुसऱ्याच दिवशी विसरलो असतो. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत आई एकच सांगत होती, पोरगी घाबरली, तिला काही बोलू नको. तिचा अपमान झाला आणि ती तुझी बाजू घेत होती, धनश्री. अशी माघार तिने आयुष्यभर घेतलीय. पुन्हा माझ्यासाठी, माझ्याच लग्नात... मला नाही बघवणार."

रिक्षा आली. त्याने तिच्यासाठी भाडं ठरवलं, ती बसेपर्यंत रिक्षाचा दांडा धरून उभा राहिला. मग हात काढून घेतला.

ती कोसाडला पोचली तेव्हा ऊन अजून होतं. काका आले होते. वडील खाटेवर, आई उषाबाई आत भाकऱ्या थापत होती. धनश्री चप्पल न काढताच उंबऱ्यात उभी राहिली.

"लाभपाचमेला आलेल्या त्या बाईंना मी ओळखत होते," ती म्हणाली. "प्रदीप बिऱ्हाडेच्या आई. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. काकांनी आडनाव पुन्हा एकदा स्वतःशीच उच्चारलं, आणि मग ते जे बोलले ते सगळं ती वर्षानुवर्षं मनात ऐकतच आली होती. त्यातलं काहीच तिला लागलं नाही. बोलून झाल्यावर ते चपला घालून निघून गेले.

वडील तसेच बसून होते. मग त्यांनी मान वर केली.

"मंग तवय का बरं बोलनी नही, बेटा?" ते म्हणाले. "मी ते तठेच, तुना बाजूले उभा व्हतू."