ठराव क्रमांक सातचं पान

"पान गेलं, ताई! माह्या कामाचं होतं, तेवढंच नेमकं गेलं!"

जनाबाई पराते दारातूनच बोलत आत आली. मायाताई रामटेकेंनी तिला बसवलं, पाणी दिलं. भूपेशनं वही उघडली. मायाताईंच्या खासगी तपासाच्या धंद्यात लिहून घेणं भूपेशकडे आणि समजून घेणं ताईंकडे, अशी वाटणी होती. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

हकिगत सरळ होती. जनाबाईचा नवरा नत्थूजी सक्करदऱ्याच्या विणकर संस्थेचा सभासद. वर्षापूर्वी तो वारला, तेव्हापासून त्याच्या मागावर तीच विणत होती. आता सचिव म्हणाले, सभासदत्व रद्द झालं, माग सोडा. अपील करायचं तर ठरावाची प्रत पाहिजे, आणि मुदत उद्याच संपत होती.

"मी अर्ज देला, नत्थूजी गेल्यापासूनच्या साऱ्या सभांचं इतिवृत्त दाखवा म्हनून. कोनत्या सभेत काय झालं, मले काय माईत? आज रजिस्टर उघडलं, तं एक पान फाडलेलं!"

संस्थेचं ऑफिस मागांच्या शेडमध्येच होतं. किल्ली खिळ्याला टांगलेली. कोणीही यावं, उघडावं. कारकून रितिकानं लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर पुढं ठेवलं. मायाताईंनी पानं सोडून आधी वरची सुती दोरीच निरखली. मध्ये मोहरीएवढी गाठ होती.

"ही तुटली होती का गं?"

"नाही ताई. सोमवारीच नवी आणली. अन् मी तर बुटाच्या नाडीसारखी बांधते."

सचिव दुर्गेशनं तोंडावरच सांगितलं, "तिनंच फाडलं. ठराव तिच्याविरुद्ध होता ना!"

"तुम्ही मागावर बसता?"

"आजोबा बसायचे. माझं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. संचालक मंडळात विणणारे एक अध्यक्षच उरले. बाकी आम्ही सारे दुकानवाले."

अध्यक्ष विश्वनाथजी निनावे सत्तरीचे, नत्थूजींचे जिवलग. "पान गेलं तं जाऊ द्या," ते खाली बघत म्हणाले. "वाईट गोष्ट वाचून वहिनीले काय भेटनार हाये?"

"म्हातारा भला माणूस आहे," बाहेर येताच भूपेश कुजबुजला. "सचिवच डांबरट!"

"दोन्ही खरं आहे," मायाताई म्हणाल्या. "चल, सगळ्यांना बोलव."

सगळे टेबलाभोवती जमले.

"घाईत दोरी तुटली आणि नेणाऱ्यानं ती जोडली," ताईंनी दोरी उचलली. "ही गाठ पाहा. तुटलेला धागा जोडताना तो मागाच्या फणीत अडकू नये म्हणून विणकर अशी बारीक गाठ मारतो. हाताला सवयच असते. भूपेशनं मारली असती तर लाडू झाला असता. म्हणजे हे काम दुर्गेशजींचं नाही, रितिकाचंही नाही."

"झालं! म्हणजे जनाबाईच!" दुर्गेश म्हणाला.

"अपिलाला जे पान पाहिजे, तेच ती काहून फाडेल? आणि ठराव कोणत्या सभेत झाला हेच तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तर तिनं साऱ्या सभा मागितल्या. नेमकं पान माहीत होतं ते सभेला बसणाऱ्याला. मंडळात बसणारा, आणि विणणारा."

विश्वनाथजींनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मीच, वहिनी. दुर्गेशनं रजिस्टर पुढं केलं, मी न वाचता सही ठोकली. तुमचा अर्ज आला तवा पहिल्यांदा वाचलं. लई लाज वाटली. नत्थूजीच्या बायकोच्या नजरेस हे पडू नये, बस, येवढंच मनात होतं."

भूपेशला म्हाताऱ्याची फार दया आली. जनाबाईचेही डोळे भरले होते.

"भाऊजी, तुमची लाज झाकता झाकता माहा माग चालला होता," ती म्हणाली.

रितिकानं झेरॉक्स काढली. 'खरी प्रत' म्हणून सही करायला विश्वनाथजींनी पेन उचलला, तसा जनाबाईनं कागदावर हात ठेवला.

"आधी वाचा. मोठ्यानं."

शेडमधले माग एकेक करून थांबले. दुर्गेश भिंतीकडे पाहू लागला.

"ठराव क्रमांक सात," विश्वनाथजी वाचू लागले. "मयत सभासद नत्थूजी पराते यांना..." पुढची ओळ दिसली, तसा त्यांनी कागद खाली केला.

"वाचा, भाऊजी."

"...यांना पत्नी अथवा अन्य वारस नसल्याने..."

"हाये," जनाबाई म्हणाली. "हे काय, तुमच्या समोर उभी हाये. करा आता सही."