‘मी’ म्हणजे तो

को-वेई युन-शीला पहिल्यांदा दिसला तो कचऱ्याच्या गाडीमागे धावताना. तैवानमधल्या थायनान शहराच्या त्या गल्लीत संध्याकाळी गाडी गाणं वाजवत आली, की म्हातारेकोतारेही पिशव्या घेऊन पळतात. पण या पठ्ठ्याने घाईघाईत कचऱ्याऐवजी हातातले गरम डंपलिंगच गाडीत भिरकावले! गाडी निघून गेली, आणि हा कचऱ्याची पिशवी छातीशी धरून उभा.

“आता जेवणार काय?” हसू दाबत युन-शीने विचारलं.

“हेच.” त्याने पिशवीत डोकावून पाहिलं. “केळ्याची सालं बरी दिसताहेत…”

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आपल्या शेवयांतल्या अर्ध्या त्याला दिल्या, आणि मग रोजच दोघं कोपऱ्यावर लवकर येऊन उभे राहू लागले. गाडी जायची, त्याच्या रोजच्या नव्या फजित्यांच्या गप्पा मात्र संपायच्या नाहीत.

युन-शी एका मासिकात विनोदी गोष्टी लिहायची. को-वेई पोहण्याच्या तलावावर तिकिटं द्यायचा, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. हे त्याने फक्त तिला सांगितलं होतं — अगदी कानाशी येऊन, लाजत.

त्याच्यावर गोष्ट लिहायची तिला भारी हौस आली. पण जमेना! ‘तो धावला, तो पडला’ असं लांबून लिहिलं, की पोलिसांत तक्रार नोंदवल्यासारखं वाटायचं. स्वतः ‘मी’ होऊन लिहिलं, तर नुसती कुचकट टवाळी व्हायची. मग एका दुपारी तिने ‘मी’ म्हणजे तो केला. ‘मी तलावावर नोकरी करतो. पाणी सोडलं तर तिथलं सगळं मला आवडतं.’ झालं! हात थांबेना. या भोळ्या ‘मी’ला वाटतं, कोपऱ्यावरची मुलगी आपल्या हुशारीवर भाळून हसते. वाचणाऱ्याला खरं काय ते कळतं, त्याला कळत नाही. सगळी मजा तिथेच.

लिहिता लिहिता आपण त्याच्या प्रेमात पडलोय, हेही तिला उमगलं. गोष्ट छापून आली की त्याला दाखवू, तो पोट धरून हसेल, आणि मग… सांगून टाकू. त्याला आधी विचारावं, हे काही बाईसाहेबांना सुचलं नाही.

गोष्ट छापून आली, आणि गल्लीने त्याला चटकन ओळखलं. तलावावर लोक तिकीट घेताना विचारू लागले, “खुर्चीत बुडणार नाही ना, राव?” तो कोपऱ्यावर यायचा बंद झाला. तिने त्याला गाठलं, तेव्हा तो स्कूटरला बॅग बांधत होता. पार पूर्व किनाऱ्यावरच्या ह्वालियनला बहिणीकडे निघाला होता, कायमचा.

“को-वेई… रागावलास?”

“नाही गं. छान लिहिलंयस. मीही हसलो.” त्याने दोरीची गाठ आवळली. “फक्त तुझ्या त्या ‘मी’ला शेवटपर्यंत कळत नाही, की ती त्याला हसतेय. मला कळायचं. पहिल्या आठवड्यापासून.”

“मग यायचास कशाला?”

“तू हसायचीस म्हणून. निम्म्या फजित्या तर झाल्याच नव्हत्या, युन-शी. येता येता रचायचो.”

एवढे दिवस त्याच्या डोक्यात शिरून बसल्याचा तोरा तिने मिरवला, आणि त्यातलं हे एवढंसं दिसलं नाही!

“त्या गोष्टीतली मुलगी… तिचंही प्रेम आहे रे त्याच्यावर,” ती घाईने म्हणाली. “पण सगळं त्याच्या नजरेतून होतं ना, तिच्या मनातलं लिहायला जागाच नव्हती…”

“मग तोंडाने सांगायचंस.”

“आता सांगतेय. मला तू आवडतोस.”

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“हे खरं आहे, की हेही गोष्टीतलं?”

खरं आहे, असं ती म्हणालीसुद्धा. पण त्या गोष्टीतलं खोटंही तिने असंच, अगदी खऱ्यासारखं लिहिलं होतं. त्याने विश्वास ठेवावा तरी कसा?

त्याने हेल्मेट चढवलं. “उन्हात उभी राहू नकोस,” तो हळूच म्हणाला, आणि गेला.