समाधानी भिंग

त्या काळात डोळ्यात बसवलेलं भिंग हलेल, ही भीती कुणालाच उरली नव्हती. बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसला की उभ्या रेषा तिरप्या, फिसकटलेल्या दिसतात. तो दोष काढणारं जुनं भिंग डोळ्यात जरासं फिरलं, तरी शस्त्रक्रियेची सगळी मेहनत पाण्यात जाई. नवं भिंग मात्र स्वतःच फिरे. दिसतंय ते मेंदूला पटेपर्यंत हळूहळू वळायचं आणि पटलं की थांबायचं. म्हणून त्याला समाधानी भिंग म्हणत.

वाईकडच्या तुळाजी लोहकरे गवंड्यानं ते बसवून घेतलं होतं. डोळ्याचा दोष त्याच्याकडूनच लेकीला, चंदाला आला होता, तिनंही बसवलं. तिचं घर तुळाजीनं स्वतःच्या हातानं, नव्या नजरेच्या भरवशावर बांधलं. आता वरचा मजला चढवायचा होता. जुन्या सवयीनं त्यानं भिंतीला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावला आणि तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला. भिंत सरळ दिसत होती. दोरी तिरकी लोंबत होती.

"दोरी कंदी तिरकी लोंबत न्हाई, बाई," तो भिंग बसवणाऱ्या डॉ. शाल्मली टिकेकरांना म्हणाला. "मग तिरकं काय हाय?"

"मामा, भिंतीची तुम्हाला फार खात्री होती का?"

"उभा जन्म बांधण्यात गेला. खात्री नसंल व्हय?"

"तिथंच घोटाळा झाला. भिंग खरं-खोटं मोजत नाही. मन जिथं शांत होतं, तिथं ते थांबतं. शंका घेणाऱ्याचं बरोबर बसतं. तुम्ही शंका घेतलीच नाही."

त्यांनी बुबुळ मोजून त्याचं भिंग कायमचं जखडून टाकलं.

तुळाजी लेकीकडे पोचला आणि दारातच थबकला. भिंत आत कलली होती. खाली चंदाचं तान्हं झोपलं होतं.

"चंदे, पोराला घिऊन भाईर ये! भिंत कललीया!"

तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती हसली. "कुठं? सरळ तर हाय."

"तुझा बाप चुकला गं! आयक माझं."

"आबा, तुम्ही बांधल्याली भिंत कलंल व्हय कधी?"

बापाची कामं गावभर मिरवतच ती लहानाची मोठी झाली होती. तुळाजीला त्याचं केवढं कौतुक होतं. आज त्याचीच भीती वाटली. तो बाळाला उचलायला धावला, तर तिनं त्याला अडवलं, काळजीनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि फोन लावला.

"डॉक्टरबाई, आबांचं भिंग बिघडलंय," भिंतीला टेकत ती म्हणाली. "त्यांना आमची भिंत वाकडी दिसतीया."