पुढची फांदी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. चिकोडीहून निपाणीकडं येताना डाव्या हाताला एक रस्ता आत जातो, एवढं पुरे. रुग्णांची नावंही बदलली आहेत. तसा नियम आहे आणि मी नियम पाळते.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, मी बेळगावात एका प्रयोगशाळेत आहे. आतड्याचा कॅन्सर कसा बदलत, वाढत जातो, हा माझा विषय. एका पेशीच्या जनुकांत एक चूक होते, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे आम्ही पाच-सहा ठिकाणचे तुकडे घेतो आणि त्यांतले बदल वाचतो. सगळ्या तुकड्यांत सापडतो तो बदल जुना, एकाच तुकड्यात सापडतो तो नवा. त्यावरून झाडासारखी आकृती निघते. खाली खोड, वर फांद्या. दोन-तीन ओळखीचे बदल बहुतेकांच्या खोडात असतात. बाकीचं झाड ज्याचं त्याचं.

गुंडाप्पांचं झाड मी २०२२च्या डिसेंबरात काढलं. साठीतले शेतकरी, ऊस आणि तंबाखू. सगळ्यात वरच्या फांदीपर्यंत नोंद घेण्यासारखे सतरा बदल होते. २०२३च्या मार्चमध्ये ते वारले.

त्याच वर्षी त्याच गावातल्या मालुबाई आल्या. शेतमजुरी करायच्या. गुंडाप्पांशी नातं नाही, जातही वेगळी. आकडेमोड बघणारा माझा सहकारी अभिनंदन त्यांची आकृती घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"नमुने मिसळलेत," तो म्हणाला.

मालुबाईंच्या गाठीचं खोड म्हणजे गुंडाप्पांची वरची फांदी होती. तेच सतरा बदल, त्याच जागी. त्यांच्यावर नवे सहा.

मेणात जपलेले मूळ तुकडे पुन्हा मागवले. पुण्याला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर तेच आलं. एकाची पेशी दुसऱ्याच्या अंगात गेली म्हणावं, तर तसंही नव्हतं. पेशी मालुबाईंच्याच होत्या. चुका तेवढ्या गुंडाप्पांच्या होत्या, आणि जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं चालू झाल्या होत्या.

मालुबाई पुढच्या जूनमध्ये गेल्या. ऑगस्टमध्ये सिद्राम आला. तेवीस बदल मालुबाईंचे, वर नवे पाच. लिव्हरवर तीन गाठी आधीच दिसत होत्या.

फेब्रुवारीत मी गावात गेले. काहीतरी कारण असणारच होतं. विहिरीचं पाणी, फवारणीचं औषध, काहीही. दुपारचे तीन वाजले होते. शेतात कापलेला तंबाखू वाळत पडला होता आणि त्याचा वास घशात बसत होता.

दूध डेअरीसमोर चौघे बसले होते. मी सिद्रामचं घर विचारलं. चौघांनीही माना फिरवल्या. मी पुढं गेल्यावर एकजण कन्नडमध्ये म्हणाला, "आलीच ही."

मालुबाईंची गल्ली माझ्याच समाजाची. त्यांच्या सासूबाई, सुलाबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. मी "जय भीम, आजी" म्हणाले. त्यांनी सूप उचललं, आत गेल्या आणि कडी लावली. दुसऱ्यांच्या दारात माझ्या आजीला असं सोसावं लागलं होतं. आपल्याच दारात मला सोसावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

गाडीपाशी परतले तर काचेवर शेण फेकलेलं होतं. शेजारी एक बाई उभी होती. तिशीतली, डोक्यावर पदर.

"मी त्रिशला. गुंडाप्पांची सून," ती म्हणाली. "मामंजींची गाठ कापून बघितलेल्या तुम्हीच न्हवं?"

"हो. मला फक्त थोडं विचारायचं..."

"तुम्ही लिवून ठेवलं, मालुबाईला झालं. तिचं लिवलं, सिद्रामअण्णाला झालं. आता कुणाचं नाव न्यायला आलासा?"

लिहिल्यानं आजार होत नाही, हे मी समजावू लागले. तोवर बारा-पंधरा माणसं जमली होती. कुणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसते बघत होते, आणि हळूहळू जवळ येत होते.

त्रिशला त्यांच्याकडं वळून हलक्या आवाजात काही बोलली. मला एकच शब्द नीट ऐकू आला, 'बाहेरची'. माणसं बाजूला झाली.

"चला," ती म्हणाली. "मी दावते घर."

मला वाटलं, पटलं तिला.

सिद्राम खाटेवर पडून होता. मी नाव सांगितलं, फॉर्म काढला, पाण्याचं विचारलं, औषधांचं विचारलं. तो सरळ उत्तरं देत होता. शेवटी मी विचारलं, गुंडाप्पा किंवा मालुबाईंशी काही येणं-जाणं होतं का.

"मालुबाई जायच्या आदल्या दिशी बघायला गेलतो. एकदाच. खाटेजवळ बसलो. तिनं माझं नाव इचारलं."

"ओळखत नव्हत्या?"

"तीस वर्सं शेजारी हाय. तरीबी इचारलं. मला हसू आलं. सांगितलं नाव."

"मग?"

"मग काय न्हाय. घरी आलो."

खोलीतला उजेड कमी झाला. मी वळून पाहिलं. खिडकीत माणसं उभी होती. दारातही. त्रिशला सगळ्यांच्या पुढं.

सिद्राम त्यांच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. त्याचे डोळे भरून आले होते.

"माफ करा, बाई," तो म्हणाला. "तुमचं नाव काय म्हणालासा?"

सहीसाठी दिलेला फॉर्म त्याच्या हातात होता. त्यावर नाव होतं.

"सुविधा," मी म्हणाले.

खिडकीतली माणसं निघून गेली.

एप्रिलमध्ये सिद्रामचा नवा स्कॅन झाला. लिव्हरवरच्या तिन्ही गाठी दिसत नव्हत्या. सर्जनांनी मशीन तपासायला लावलं, पुन्हा स्कॅन केला. काही नाही. गाठीतले बदल रक्तातही उतरतात, म्हणून आम्ही त्याचं रक्त तपासलं. अठ्ठावीसपैकी एकही बदल सापडला नाही.

अभिनंदननं कागद दोनदा वाचला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला काय विचारायचंय ते मला कळलं. मी कागद फाइलला लावला.

परवा सकाळी अकराच्या सुमारास प्रयोगशाळेत फोन आला.

"आक्का, मी त्रिशला. सहज केलता फोन. तब्येत कशी हाय तुमची?"

आवाजात माया होती. तिच्या मागं शांतता होती, पण ती रिकाम्या खोलीतली नव्हती. कुणीतरी खोकला दाबला.

"बरी आहे," मी म्हणाले.

"आसं व्हय," ती म्हणाली.

फोन ठेवेना, बोलेना. शेवटी मीच म्हणाले, "तीन दिवस जरा पोट दुखतंय, एवढंच."

पलीकडं पुष्कळ माणसांनी एकदम श्वास सोडला.