नोंदींचे एकत्रीकरण

राहुरीजवळच्या आमच्या दूध संघात नवी संगणकप्रणाली आली, तेव्हा ती आधी शिकून घेण्याचे काम माझ्याकडे आले. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून मी प्रोग्रामच लिहीत आलो आहे. संघाची जुनी प्रणालीही माझीच. नवी गोष्ट आधी सराव प्रतीत मोडूनतोडून पाहावी, ही माझी शिस्त. तिथल्या बदलांचा खऱ्या नोंदींशी संबंध नसतो.

'एकत्रीकरण' हा भाग शिकताना प्रणालीने दोन दूध उत्पादक एकच असल्याचे सुचवले : जयमाला आणि सत्यशीला. जन्मतारीख, पत्ता, मोबाईल, सारे सारखे. मी दोघींना ओळखत होतो. आईवडिलांच्या माघारी एकत्र राहणाऱ्या त्या जुळ्या बहिणी रोज सकाळी भांडतच दूध संकलन केंद्रावर येत. तरीही, सरावच असल्यामुळे, मी 'होय' दाबले. जयमाला उरली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. दोन हातांत दोन किटल्या.

"सत्यशीला आजारी आहे का?" मी विचारले.

"कोन सत्यशीला?"

केंद्रचालक गोरक्ष हसला. "साहेब, नव्या कॉम्प्युटरनं तुमालाच हँग केलं का काय?"

जयमाला हसली नाही. "नाव ओळखीचं न्हाई," ती हळूच म्हणाली, "पन कालपासून दोन ताटं वाढून बसते. दुसरं कुनाचं, ते काय सुचंना. घास उतरत न्हाई."

मी तडक कार्यालयात आलो. एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करण्याची सोय प्रणालीत नव्हती. खऱ्या नोंदी उघडल्या, तर त्यांतही आता सत्यशीला कधी नव्हतीच.

"सर, सराव प्रतीतून काही बाहेर जातच नाही," प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "हवं तर नवी नोंद करा."

मी सराव प्रतीत नवी नोंद उघडली. नाव, गाव, जन्मतारीख : तारांकित रकाने काळजीपूर्वक भरले. छायाचित्र ऐच्छिक होते. माझ्यापाशी ते नव्हते. मी नोंद जतन केली.

सकाळी दोघी आल्या.

जयमालेने दुसरीचे मनगट घट्ट धरले होते. दुसरीचा पदर कपाळावरून थेट हनुवटीखाली ओढलेला.

"आली बया," जयमाला म्हणाली. तिच्याकडे पाहत मात्र नव्हती. "बोलत न्हाई काही. पन आली."

गोरक्षने नेहमीसारखा दोघींना चहा दिला. "काय सत्यशीलाबाई, आज भांडन न्हाई व्हय?"

तिने पेला पदराआड नेला. तिरका केला. रिकामा खाली ठेवला.

चहा तिच्या पावलांवर ओघळत होता. त्यातून वाफ निघत होती. तिने पाय हलवले नाहीत.

जयमाला खाली बसली आणि स्वतःच्या पदराने निमूटपणे ती पावले पुसू लागली.