लागोपाठ दोन पाहिंग

त्या रविवारी बापकांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिकोला चहा दिला, तळलेलं केळं दिलं, संगणकाला मात्र हात लावू दिला नाही.

"आज पाहिंग आहे," ते म्हणाले. "आमच्या घरात पाहिंगला नवं काही बसवत नाहीत."

योग्यकर्त्यातल्या आमच्या छोट्या छापखान्यातला संगणक रोज दुपारी मान टाकायचा. कॉलेजच्या लिनक्स मंडळातली मुलं घरी येऊन नवी सिस्टिम फुकट बसवून देतात असं ऐकलं, म्हणून मी निरोप धाडला होता. आणि गळ्यात पेनड्राइव्हची माळ घातलेला हा उंच मुलगा चपला हातात घेऊन दारात उभा राहिला.

"बापक, ही वस्तू नाही हो. नुसता प्रोग्राम आहे."

"लग्न तरी कुठे वस्तू असते? त्यालाही दिवस बघतातच."

मी उगाचच पत्रिकांच्या घड्या घालू लागले. मिको माझ्याकडे बघत होता की कागद कापायच्या यंत्राकडे, ते मी पाहिलं नाही... पाहिलं. माझ्याकडेच.

आम्ही लग्नपत्रिका छापतो. मजकूर संगणकावर होई, पण वधूवरांची नावं बापक स्वतः टाकाने काढत, आमच्या जुन्या जावानीज लिपीत. त्या लिपीत एका अक्षराच्या पोटाखाली दुसरं जाऊन बसतं. बापकांच्या हातून ते असं बसायचं, जसं मूल आईला टेकतं. लोक त्या एका ओळीसाठी आमच्याकडे यायचे. मुहूर्ताची तारीखही त्यांनाच विचारायचे; पाहिंग, पोन अशा नावांच्या पाच दिवसांचं चक्र आणि सात दिवसांचा आठवडा बापकांच्या डोक्यात आपोआप फिरत असे.

"तुमच्या सिस्टिममध्ये आमची अक्षरं येतात का?" त्यांनी विचारलं.

"एखाद्या आवृत्तीत येत असतील. शोधावी लागेल."

"शोधा मग. आणि अगदी नवी नको. टिकणारी बघा."

संध्याकाळी ते एका घरी पत्रिका पोचवायला मोटारसायकल घेऊन गेले. दारातून म्हणाले, "निघतो." आमच्या घरात निघणाऱ्याला अडवत नाहीत. मी खाली मान घालूनच म्हणाले, "सावकाश." त्या लोकांच्या ओसरीवर, चहाचा पेला हातात असतानाच ते गेले.

प्रार्थनांचे दिवस सरले. नवी गिऱ्हाइकं आली, नावांची ओळ नाही म्हणताच हळहळून परत गेली. मग एका रविवारी मिको आला. इबूच्या, म्हणजे माझ्या आईच्या पुढ्यात बसला, आणि उठताना मला मानाने हाक मारून म्हणाला, "म्बाक वेनिंग, बापकांनी मला एक काम सांगितलं होतं."

तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. त्याच्या सगळ्या आवृत्त्या न बसवताच चालवून बघता येत. पेनड्राइव्ह लावायचा, नवं जग उघडायचं. बंद केलं की मागे काहीच उरायचं नाही. मी तीच दोन नावं टाइप करायची: रेत्नो आणि युवोनो. बापकांनी पोचवलेल्या शेवटच्या पत्रिकेवरची.

पहिल्या आवृत्तीत अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी आल्या.

"लग्न मोडलं," मिको म्हणाला.

दुसरीत अक्षरं आली, पण खालचं अक्षर शेजारी जाऊन बसलं.

"रुसलंय."

"तुम्हाला सगळ्यात लग्नच दिसतं का?"

"लग्नपत्रिकेच्या छापखान्यात आणखी काय दिसणार..."

मी चहात साखरेचा खडा जास्तच टाकला. तो तक्रार न करता प्यायला.

असे बरेच रविवार गेले. कधी मशीन जुनं म्हणून आवृत्ती उघडायचीच नाही, कधी उघडली की छपाईयंत्र ओळखायची नाही. बाहेर पाऊस पडून जायचा, फणसाच्या पानांवरून थेंब गळत राहायचे, आणि आम्ही दोघं एका पडद्यात डोकं घालून बसलेलो असायचो. त्याच्या शर्टाला लवंगेचा वास यायचा. घरी आजोबा लवंगेच्या विड्या ओढतात, मी नाही, असं त्यानेच न विचारता सांगितलं.

आणि एके दिवशी अक्षरं उभी राहिली.

मी शेवटची कळ दाबली, आणि खालचं अक्षर हलकेच सरकून वरच्याच्या पोटाशी जाऊन बसलं. जसं बसायला हवं तसंच. इबू हात पुसत आली, पडद्यापुढे उभी राहिली, आणि तिने काचेवर बोट ठेवलं, शाई ओली असल्यासारखं, अगदी अलगद.

"कोणी शिकवलं याला?" तिने विचारलं.

"माहीत नाही, इबू," मिको म्हणाला. "कुणीतरी. खूप जणांनी मिळून."

"पैसे कोण देतं त्यांना?"

"बऱ्याच जणांना कोणीच नाही."

मला ते अजून नीट झेपलेलं नाही. आमचं गाव कधी न पाहिलेला कोणी, कुठल्याशा दूरच्या खोलीत बसून, आमचं एक अक्षर दुसऱ्याखाली कसं टेकतं हे एका यंत्राला धीराने समजावत राहिला. त्याला बापक माहीत नव्हते. तरी त्यांच्या हाताची सवय त्याच्यापर्यंत पोचली होती.

"हिची आणखी नवी आवृत्तीही आहे," मिको म्हणाला. "दिसायला देखणी. पण काही महिन्यांतच तिच्याकडे बघणं सोडून देतात. ही साधी आहे. हिला पाच वर्षं सांभाळतात."

"आणि पाच वर्षांनी?"

"मी येईन ना, बदलून द्यायला."

"पाच वर्षांनीच?"

त्याचे कान लाल झाले. "बसवू का?" त्याने विचारलं.

बसवलं की काम संपणार होतं.

"आज... आज पाहिंग आहे," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि पेनड्राइव्ह काढून घेतला. पडदा काळा झाला.

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं, "बसवू?"

"आज पाहिंग आहे."

त्याने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्बाक वेनिंग, मागच्या रविवारीही पाहिंगच होता."

"असेल."

"आठवडा सातांचा, चक्र पाचांचं. लागोपाठ दोन रविवारी पाहिंग कसा येईल? तुम्ही तर बापकांची लेक."

आतून इबूचा आवाज आला, "आज पोन आहे रे बाळा. चांगला दिवस आहे, बसव. आणि त्या मुलीला विचार, तिचं गणित कधीपासून बिघडलंय."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मिको हसला नाही. त्याने पेनड्राइव्ह लावला, साधी आवृत्ती निवडली, आणि शेवटचं बटण दाबायला माउस माझ्याकडे सरकवला. मी दाबलं. पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत गेली.

मग त्याने पेनड्राइव्ह काढला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मी दोन्ही नावं टाइप केली. खालची अक्षरं वरच्यांना टेकली. आता ती इथलीच होती.

मिकोने माळ गळ्यात घातली, दारात जाऊन चपला घातल्या.

"निघतो मग," तो म्हणाला.

तोच दरवाजा. तोच शब्द. 'सावकाश' माझ्या ओठांवर आला होता... मी मान वर केली.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.